तिसऱ्या पाळीचं घर

पहाटे पावणेपाच

आईने गॅस पेटवला की आमचं घर जागं होतं. पहिल्या पाळीची मुलं साडेपाचला सृष्टी चौकात कंपनीच्या बससाठी उभी राहतात, त्याआधी त्यांचे डबे भरलेले हवेत. मी कणीक मळते, आई लाटते आणि भाजते. पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत डबे देणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांचं चक्र चोवीस तास चालतं, त्यामुळे या बायकांच्या चुलीही तीन पाळ्यांत चालतात. पहाटे पहिल्या पाळीचे डबे, दुपारी दुसरीचे, संध्याकाळी तिसरीचे.

मी आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे. थिसिसला विषय घेतला आहे पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांच्या घराचा. त्याचा अभ्यास मी या ओट्यापासूनच सुरू केला. आमचा ओटा ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटीमीटर उंच आहे. आईची उंची १४७ सेंटीमीटर. उभ्याने काम करायचं तर ओटा कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर खाली असावा, तरच खांद्यावर ताण येत नाही. या हिशेबाने आईचा ओटा ८० सेंटीमीटरच्या आसपास हवा होता. मधला फरक ती पायाखाली पाट घेऊन भरून काढते. तरीही चपात्या लाटताना जोर द्यायला तिला टाचा उचलाव्या लागतात, आणि दुपारी तिचा उजवा खांदा धरतो.

पहिल्या वर्षी आम्हाला माणसाच्या शरीराची मापं शिकवली. आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांनी 'मोड्युलर' ही मापपद्धत बसवली तेव्हा माणूस आधी १७५ सेंटीमीटरचा धरला आणि मग १८३ चा केला. हात वर केलेला तो उंचापुरा पुरुष मी कितीदा तरी काढला आहे. चंडीगडमधल्या त्यांच्या इमारतींची मापं त्याच्यावरून ठरली. आपल्याकडच्या शरीरांची मापं नाहीत असं मात्र नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक १९९७ मध्ये काढलं. आमच्या लायब्ररीतही ते आहे. पण भाड्याच्या खोलीतला ओटा बांधणाऱ्या मिस्त्रीपर्यंत ते पोहोचत नाही. तो ३४ इंच बांधतो, कारण सगळीकडे ३४ इंचच असतो, आणि त्याला कुणी तिथे उभं राहून चपाती लाटून दाखवलेली नसते.

साडेपाच

डबे गेले. जिन्यात चपलांचा आवाज, खाली दोन गाड्या सुरू झाल्या, आणि गल्ली पुन्हा शांत.

सव्वासहा

वही घेऊन सुदर्शन नगरला येते. स्मार्ट सिटी योजनेत पिंपरी-चिंचवडने क्षेत्रविकासासाठी पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर निवडले, त्यात इथलं '८ ते ८०' उद्यान झालं. रस्त्याच्याच रुंदीतून काढलेली ही जागा पुण्याच्या प्रसन्न देसाई आर्किटेक्ट्सनी आखली. मूळ विचार गिल पेन्यालोसा यांचा. ते कोलंबियातल्या बोगोटा शहराच्या उद्यानांचे आयुक्त होते. आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला जी जागा सोयीची, ती सगळ्यांनाच सोयीची, असं त्यांचं म्हणणं. मला ते मनापासून पटतं. पिंपळे गुरवमध्ये गाडी नसलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला नुसतं बसता येतं ही छोटी गोष्ट नाही.

माझ्या वहीत मात्र वयाचे रकाने नाहीत, वेळेचे आहेत. सहाला फिरायला येणारे आजोबा आणि पंजाबी ड्रेसवर बूट घातलेल्या काकू. सातनंतर शाळेची मुलं. आणि सव्वासात ते पावणेआठच्या दरम्यान एक वेगळाच गट. तिसरी पाळी संपवून आलेले पुरुष कंपनीचा शर्ट अंगात, डबा मांडीवर ठेवून कट्ट्यावर बसतात. बोलत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं बसतात आणि उठतात. सुरुवातीला मला वाटायचं, थकले असतील म्हणून बसतात. मग एकांना विचारलं. ते म्हणाले, "आत्ता घरी जाऊन काय करू? पोरं शाळेला निघाल्याशिवाय मोरी मोकळी होत नाही, अन् खाट पण."

यान गेल या डॅनिश आर्किटेक्टने १९७१ मध्ये इमारतींच्या मधल्या जागेतल्या जगण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात माणसाचं बाहेर असणं त्यांनी तीन प्रकारचं मानलं आहे: करावंच लागतं म्हणून, आवडतं म्हणून, आणि इतर माणसं आहेत म्हणून. कट्ट्यावरचे हे पुरुष पहिल्या प्रकारात बसतात की दुसऱ्या, हे मला ठरवता आलेलं नाही. घरात जागा रिकामी होण्याची वाट ते बाहेर बघतात. तो कट्टा त्या अर्ध्या तासापुरता त्यांच्या घराचीच एक खोली असतो. त्यामुळे घराचा नकाशा काढताना मी तो कट्टाही काढते.

पावणेआठ

अण्णा, म्हणजे माझे वडील, आले. या आठवड्यात त्यांची तिसरी पाळी आहे, रात्री दहा ते सकाळी सहा. चाकणमधल्या एका पुरवठादार कंपनीत ते प्रेस शॉपमध्ये आहेत. रात्रभर पत्र्यावर प्रेस पडत असते. आंघोळ, दोन चपात्या, चहा नाही, आणि सव्वाआठला पश्चिमेच्या खोलीत आडवे. आई खिडकीच्या वर मारलेल्या खिळ्यांना गोधडी अडकवते. खोलीत जितका अंधार होईल तितका करायचा.

आता त्यांची रात्र सुरू झाली आणि जगाचा दिवस. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरला आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो, रात्री ४५ च्या वर नको. म्हणजे कायद्याने शांततेचे जे तास राखले आहेत, त्यांत अण्णा प्रेसच्या धडधडाटात उभे असतात, आणि ते झोपतात त्या तासांत भाजीवाला, शाळेच्या रिक्षा, शेजारचा टीव्ही, सगळं नियमात बसतं. कुणीही नियम मोडलेला नाही आणि माणूस झोपू शकत नाही. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-तीन तास कमी भरते असं झोपेचा अभ्यास करणारे सांगतात. आमच्याकडे आई ते अभ्यासाशिवाय सांगते.

आज पाण्याचा दिवस. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं. आलं की खालची मोटर सुरू होते. मोटर जिन्याखाली आणि टाकी गच्चीवर, नेमकी आमच्या खोलीच्या डोक्यावर. हजार लिटरची टाकी भरताना पाणी पडण्याचा आवाज स्लॅबमधून खाली येतो. अण्णा कूस बदलतात. ज्याने टाकी तिथे ठेवली, त्याच्या डोळ्यांसमोर त्या खोलीत सकाळी नऊला झोपलेला माणूस नव्हता. प्लंबिंगच्या नकाशात पाइप सरळ वर गेला आहे, लांबी कमी लागली आहे. नकाशा म्हणून तो अगदी बरोबर आहे.

माझ्या थिसिसचं म्हणणं एवढंच आहे: आपण काढतो त्या नकाशात वेळ नसते. खोलीवर 'बेडरूम' लिहिलं की तिथे रात्री कुणी झोपेल, दिवसा ती रिकामी राहील, हे आपण न बोलता गृहीत धरतो. पिंपळे गुरवमध्ये हजारो घरांत हे गृहीतक दर आठवड्याला खोटं ठरतं.

साडेनऊ

दापोडी स्टेशनपर्यंत चालत जाते. पवनेचा पूल लागतो. मार्चमध्ये नदीचं पाणी दिसत नाही, जलपर्णी दिसते. पुलावर उभं राहिलं की डोक्यात निळी आणि लाल रेषा येतात. पाटबंधारे खातं नदीकाठाच्या नकाशावर या पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. शहराच्या नकाशावर वेळ दाखवणाऱ्या मला माहीत असलेल्या रेषा या दोनच. ऑगस्ट २०१९ मध्ये पिंपळे गुरव आणि सांगवीच्या काठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा त्या रेषांचा अर्थ लोकांना पायांनी कळला.

लोणावळा लोकल. गर्दीत दरवाज्याजवळ उभी राहते. कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. एका बाजूला एक मुलगा उभ्याउभ्या झोपलेला असतो, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

मुंबईच्या बीडीडी चाळी आमच्या विषयात केस स्टडी म्हणून येतात. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावात एका खोलीत एका गावचे कितीतरी पुरुष राहायचे आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. गिरणीचा भोंगा त्या खोल्यांचं घड्याळ होता. हे आम्ही इतिहास म्हणून वाचतो. पण आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर 'कॉट बेसिस'वर राहणारी मुलं आजही तसंच राहतात, फक्त भोंग्याच्या जागी मोबाइल आला.

अकरा

स्टुडिओ. फोम बोर्डचे तुकडे, गम, कटर, एकाच्या टेबलावर पोहे. मी एक ते पन्नासच्या मापात माझ्या इमारतीचं मॉडेल कापते आहे. प्लॉट अर्ध्या गुंठ्याचा घेतला आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेहेतीस फूट बाय तेहेतीस. त्याचा अर्धा केला की साडेसोळा फुटांचा चिंचोळा पट्टा उरतो. पिंपळे गुरवची बरीचशी वस्ती अशा गुंठे-अर्ध्या गुंठ्यांवर उभी आहे. तळमजल्यावर गाळा किंवा मालक, वर एकेक मजला पैसे जमतील तसा. वरच्या स्लॅबमधून कॉलमच्या सळ्या बाहेर आलेल्या दिसतात, पुढच्या मजल्यासाठी ठेवलेल्या.

या सळ्यांकडे मी आदराने बघते, आणि ते शिकले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींकडून. त्यांचा जन्म १९२७ सालचा, पुण्यातला. एकत्र कुटुंबाच्या, माणसं वाढतील तसतशा वाढत गेलेल्या घरात त्यांचं लहानपण गेलं. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी सर्वांत गरीब कुटुंबांना पूर्ण घर न देता जोतं आणि मोरी-संडासाचा गाभा दिला. उरलेलं घर लोकांनी आपल्या पैशाने, आपल्या गतीने बांधलं. या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. घर एका दिवसात पूर्ण होत नाही, ते काही वर्षं चालणारं काम आहे, हे त्यांनी मान्य केलं आणि त्या वाढीला चांगला पाया दिला. पिंपळे गुरवच्या मालकांना हे कुणी शिकवलेलं नाही, पण तेही तसंच बांधतात. त्यांना हवा असतो तो नीट गाभा. जिना कुठे, टाकी कुठे, मोरी कुठे, खिडकी कोणत्या दिशेला. एवढ्या चार गोष्टी आधी बरोबर पडल्या तर वर काहीही वाढू दे.

दुपारी दोन

ज्युरी. बाहेरून एक ज्येष्ठ आर्किटेक्ट आले आहेत. मी भिंतीवर एकच प्लॅन तीनदा लावला आहे. पहिला सकाळी सहाचा, दुसरा दुपारी दोनचा, तिसरा रात्री दहाचा. भिंती त्याच, माणसं वेगळ्या जागी. कोण झोपलं आहे ते गडद केलं आहे, कोण जागं आहे ते फिकं. खोल्यांवर नावं लिहिलेली नाहीत.

"एकच प्लॅन तीनदा कशाला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की तो एकच नाही. सकाळी सहाच्या प्लॅनमध्ये स्वयंपाकघर आणि झोपेची खोली यांच्यामधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं झोपलेली आहेत किंवा उठत आहेत, तिथे फार अडचण नाही. दुपारी दोनला त्याच भिंतीच्या एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या पाळीचा माणूस. शिवाय पाळी दर आठवड्याला फिरते. त्यामुळे एकच खोली कायमची अंधारी करूनही चालत नाही, पुढच्या आठवड्यात तिथेच मुलांना अभ्यासाला उजेड हवा असतो.

ते बराच वेळ शीट बघत राहिले. मग म्हणाले, "तुझा अभ्यास चांगला आहे, पण हे समाजशास्त्र झालं. आर्किटेक्चर कुठंय? आणि बिल्डर हे बांधणार नाही, चटई क्षेत्रात बसवणार नाही."

याचं उत्तर मी शांतपणे दिलं, कारण ते माझं ठाम मत आहे. ही घरं बिल्डर बांधतच नाही. ती मालक आणि मिस्त्री बांधतात. मग माझं डिझाइन मिस्त्रीला फुटपट्टी आणि ओळंब्यावर समजेल अशा गोष्टींतच असायला हवं. पश्चिमेच्या खिडकीवर आडवा छज्जा घालून उपयोग नाही, चार वाजता सूर्य खाली उतरलेला असतो आणि ऊन छज्ज्याखालून आत येतं. तिथे उभी आडोशाची भिंत हवी किंवा बाहेरून बंद होणाऱ्या लाकडी झडपा. वर, छताच्या खाली झरोका हवा, म्हणजे खिडकी बंद करून अंधार केला तरी हवा फिरेल. आज दिवसा झोपणाऱ्या माणसाला अंधार आणि वारा यांतलं एकच निवडावं लागतं. दोन्ही एकदम मिळवून देणं हे आर्किटेक्चरच आहे, असं मी म्हटलं.

आमच्या गाईड मॅडमनी एवढंच लिहून घेतलं: सेक्शन मोठ्या मापात काढ.

पाऊण तासाने ज्युरी पुढे गेली. मी शीट काढून रोल केल्या.

पाच

गच्ची. लोकलमधून उतरून सरळ वर आले, कारण स्लॅबचं तापमान याच वेळी घ्यायचं असतं. पाच इंची स्लॅबमधून ऊन खाली उतरायला सुमारे तीन तास लागतात. डोक्यावर ऊन असतं तेव्हा खोली त्यामानाने बरी, आणि ऊन कलल्यावर छत तापतं. नऊ इंची विटेच्या भिंतीला तर त्याच्या दुप्पट वेळ लागतो, पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. वरच्या मजल्याचं भाडं कमी असतं त्याचं कारण हे. कमी भाडं म्हणून ती खोली घेतो कोण, तर ज्याला दुपारी झोपायचं आहे तो. हे मला आमच्या वस्तीतलं सर्वांत अन्यायाचं गणित वाटतं.

अण्णा गच्चीवर टाकीच्या सावलीत बसलेले होते. दीडलाच उठले म्हणाले, घामाने. मी त्यांना विचारलं, गावाकडे कधी असं उकडायचं का?

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. तिकडची जुनी घरं माळवदाची होती. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी वर आणखी माती पडायची. दगड-मातीच्या भिंती दोन-दोन हात रुंद. उन्हाळ्यात आत गारवा, अण्णा सांगतात की दुपारी माजघरात घोंगडी पांघरून झोपायचे. औष्णिक दृष्टीने बघितलं तर त्या छतापुढे आजच्या कुठल्याही पाच इंची स्लॅबने हार मानावी.

आणि ते छत ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात पडलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, माणसं उशिरा येऊन गाढ झोपली होती. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. भूकंप मोठा होता, पण जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम. मारलं ते मातीच्या वजनाने आणि न बांधलेल्या दगडांनी, आणि त्या वेळेने. तीच जमीन दुपारी चारला हलली असती तर माणसं शेतात असती. अण्णा तेव्हा पंधरा वर्षांचे होते. त्या रात्री ते गणपतीच्या मंडपातच झोपले होते, म्हणून आहेत. आमच्या घरातलं ह्यापेक्षा जास्त ते कधी बोलत नाहीत आणि मी विचारत नाही.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी हलवली. सरळ आखीव रस्ते, आणि जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं. ती घरं मजबूत आहेत, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण जुन्या घराच्या पुढच्या भागातली ढाळज तिथे नव्हती. ढाळजेत आलागेला बसायचा, रात्री उशिरा आलेला पुरुष तिथेच अंग टाकायचा, आतल्या बायका-मुलांची झोप मोडायची नाही. नव्या घरात दार उघडलं की थेट खोली. लोकांनी पुढे पत्रे टाकून ती जागा पुन्हा तयार केली. मी आजोळी जाते तेव्हा ते पत्रे मोजमाप घेऊन कागदावर काढते.

"मातीचं छत नको," अण्णा म्हणाले. "उकडलं तरी चालंल."

त्यांच्यासाठी हे उत्तर अंतिम आहे, आणि मला त्याच्यावर वाद घालायचा नाही. माणसाला छताचं जे वाटतं ते अंश सेल्सिअसमध्ये संपत नाही. पण वजन न वाढवता स्लॅब गार ठेवता येतो. गच्चीला पांढरा चुना मारला की ऊन परत फिरतं. अहमदाबादने गरीब वस्त्यांची छपरं अशी पांढरी करण्याचा कार्यक्रम २०१७ पासून राबवला आहे. मालकांना मागच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाले, "मार की चुना, पण टाकीखालची भेग आधी बुजव." अण्णा आणि मी रविवारी मारणार आहोत.

साडेसात

अण्णांचं जेवण. आई त्यांच्याबरोबर तिसऱ्या पाळीच्या इतर डब्यांच्या चपात्याही करते. मला ती म्हणते, "तू जेवून घे गं, मग काढ ती चित्रं." साडेआठला अण्णा सृष्टी चौकाकडे निघतात.

साडेनऊ

पहिल्या मजल्यावरच्या कॉट बेसिसच्या खोलीत गेले, आई बरोबर होती. दोन बाय सहाच्या चार खाटा, भिंतीला दोऱ्या, दोऱ्यांवर गणवेश. मुलं लातूर, नांदेड, बुलढाण्याची. मी त्यांना विचारलं, ह्या खोलीत एकच गोष्ट बदलता आली तर काय बदलाल? मला वाटलं होतं कूलर म्हणतील, किंवा स्वतंत्र मोरी. त्यातला दुसऱ्या पाळीचा एक दादा आज सुट्टीवर होता. तो म्हणाला, "कडी."

दाराची कडी. तो रात्री साडेबाराला येतो, कडी सरकवताना वाजते. पहिल्या पाळीचा मुलगा साडेचारला उठणार असतो, तो जागा होतो. मग दिवा लावता येत नाही, डबा अंधारात खावा लागतो, कधी जिन्यात बसून. "भांडण नाही होत," तो म्हणाला, "पण कुणाचीच झोप होत नाही."

शिकलेल्या सगळ्या सिद्धांतांत मला दाराच्या कडीवर काही सापडलेलं नाही. फिनलंडच्या युहानी पल्लास्मा यांनी १९९६ मध्ये लिहिलेलं एक पुस्तक मात्र आठवलं. इमारत डोळ्यांनीच पाहायची नसते, कानांनी आणि त्वचेनेही कळते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दाराच्या मुठीला इमारतीशी केलेलं हस्तांदोलन म्हटलं आहे. पिंपळे गुरवच्या या खोलीत ते रात्री साडेबाराला घडतं आणि तीन माणसं उठतात.

अकरा

सेक्शन मोठ्या मापात काढायला घेतला आहे. दार आणि झोपेची खोली यांच्यामध्ये ढाळजेसारखी एक जागा घातली, चार फूट बाय पाच फूट. तिथे चपला, गणवेश टांगायला खुंट्या, बसून डबा खाण्याइतका दगडी कट्टा, खाली तोंड असलेला छोटा दिवा, आणि दोन दारं, म्हणजे एकाचा आवाज दुसरं अडवेल. मालक म्हणतील वीस चौरस फूट वाया गेले. म्हणून मोरी आणि हात धुण्याची जागा त्याच्याच शेजारी ओढली. आता पाइप एका रांगेत येतात, पाणी झोपेच्या भिंतीतून जात नाही, आणि मिस्त्रीचंही काम कमी होतं. पश्चिमेला उभी आडोशाची भिंत, वर झरोका. ओट्याच्या उंचीपुढे मी आकडा लिहिलेला नाही, 'वापरणाऱ्या बाईच्या कोपराखाली अर्धी वीत' असं लिहिलं आहे. मिस्त्रीला हे माप कळतं.

पाण्याची टाकी अजून सुटलेली नाही. झोपेच्या खोलीवरून ती काढून जिन्याच्या टोपीवर न्यायची आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते थेट कॉलमवर उतरलं पाहिजे. आणि आमच्या घरात छतावरच्या वजनाचा विचार कुणी हलक्याने करत नाही. आमच्या इमारतीच्या जिन्याचे कॉलम नऊ बाय नऊचे दिसतात, आत किती सळ्या आहेत ते बाहेरून कळत नाही. ज्या मिस्त्रींनी ही इमारत बांधली ते अजून याच भागात काम करतात आणि सकाळी सातच्या आत चौकातल्या टपरीवर चहाला असतात. उद्या सुदर्शन नगरला जाण्याआधी त्यांना गाठायचं आहे.